काकूंच्या नवसाचं मौन

माझं तोंड पाच दिवस बंद राहू शकतं यावर माझ्या आईचा आजही विश्वास नाही. फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती खो खो हसली होती. "तू आणि मौन? अगं, बारशाला आलेल्या बायकांनाही तू बोलू दिलं नव्हतंस," म्हणाली. तिचं काही खोटं नव्हतं. कराडच्या शाळेत मला बाकावर उभं करायचे ते फक्त बडबडीसाठी, आणि बाकावर उभी राहूनही मी खाली बसलेल्या मुलीशी गप्पा चालू ठेवायची. पुढे चेन्नईत नोकरी मिळाली तीही तशीच. पेरुंगुडीच्या एका ऑफिसात दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर तपासायचं आणि त्यातल्या चुका त्यांना ऐकवायच्या. तोंडाचा पट्टा चालवायचा पगार मिळतो हे पाहून मी खूश होते.

राहायला वेस्ट मांबलममध्ये होते, एका वयस्क जोडप्याच्या घरात वरच्या मजल्यावर. ते तंजावरकडचे मराठी. त्यांचं घराणं तिकडे गेलं त्याला किती पिढ्या झाल्या हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. काकूंचं मराठी ऐकलं की मला एखादं जुनं पत्र कुणीतरी तमिळ हेलात वाचून दाखवतंय असं वाटायचं, आणि माझं मराठी त्यांना टीव्हीतलं वाटायचं. काका बँकेतून निवृत्त झालेले. रोज सकाळी ओसरीवर बसून तमिळ पेपर मोठ्यानं वाचायचे आणि मधे मधे पुढाऱ्यांना मराठीत शिव्या द्यायचे. ऑफिसच्या बसला निघताना मी जिन्यात थांबून त्यातल्या दोनतीन ऐकून घ्यायची.

दोन हजार सहा असेल किंवा सात, त्या उन्हाळ्यात काकांना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय महिनाभरात बरेचसे सुधारले, पण वाचा गेली. सगळं समजायचं, डोळ्यांत उत्तर दिसायचं, तोंडातून मात्र "त, त" एवढंच यायचं. ते पेपर घेऊन ओसरीवर बसायचे आणि पानं उलटत राहायचे. मला त्या जिन्यातून उतरणं नकोसं झालं.

काकूंनी तिरुपतीला नवस बोलला. पुरट्टासी महिन्यात, म्हणजे आपल्या भाद्रपद-आश्विनात, मांबलममधून एक टोळी दरवर्षी तिरुपतीला चालत जायची आणि काकू कैक वर्षं त्या टोळीत पुढे राहून गायच्या. या वर्षी चालायचं अनवाणी, आणि वाटेतले पाचही दिवस मौन. एवढं बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपणच गप्प राहिलो तर टोळीला गोविंदाचं नाम सांगणार कोण? तेव्हा त्या वर माझ्याकडे आल्या.

"अगे, वाणी पाहिजे तर वाणी द्यावी लागते म्हणून माझी आई सांगायची," त्या म्हणाल्या. "माझी देता येत नाही. गाणारी मी. माझ्यासाठी तू धर मौन. दुसऱ्यानं धरलं तरी चालतं म्हणून गुरुजींनी सांगितलं."

"काकू, माझी वाणी काकांना मिळाली तर तुमचं काय होईल, विचार केलात का?"

त्या हसल्या. झटका आल्यापासून त्यांना मी प्रथमच हसताना पाहिलं, आणि त्या हसण्यापायी हो म्हणून बसले. देवाशी असा सौदा होतो यावर माझा विश्वास नव्हता. माणसं मात्र मला हवी होती, दोघंही.

टोळीचे म्होरके एक निवृत्त पीटी मास्तर होते. निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांना देवळाच्या ओसरीत बसवून नियम सांगितले. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालायचं. बायका मधे, पुरुष पुढे आणि मागे. अनोळखी माणसानं दिलेला प्रसाद खायचा नाही. एका टोळीतल्या माणसांना असा प्रसाद खाऊन दुपारी जाग आली होती ती पिशव्यांशिवाय. "चोरसुद्धा गोविंदा म्हणतच येतो," मास्तर म्हणाले. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे अंगावर सोनं नको. लग्न झालेल्या बायकांनी मंगळसूत्र घरी ठेवून पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधायचं. तमिळ बायकांत हे चालतं, त्यात अशुभ काही नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि निघायच्या आधी सगळ्यांनी तसं केलंही.

काकूंनी केलं नाही. त्यांचं मंगळसूत्र तिकडच्या पद्धतीचं, जाडजूड सोन्याच्या साखळीतलं. मी आठवडाभर डोकं फोडलं. "काकू, काढा ते. पाच दिवसांचा तर प्रश्न." त्या म्हणायच्या, "ह्यांना असं असताना? तुझीच खात्री नाही तर मी काय करू म्हणून देव विचारेल." मी म्हटलं, देवाला एवढा वेळ नसतो. त्या म्हणाल्या, "तू लग्न कर, मग मला शिकव." शेवटी पदर घट्ट लपेटून घेईन एवढ्यावर तडजोड झाली.

निघायच्या पहाटे काकांनी माझं मनगट धरलं. काकूंकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडे, आणि "त, त" करत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "काका, मी आहे ना. त्यांच्या मागेच चालणार. कुणी हात लावून तर बघू दे, मांबलमपर्यंत ऐकू येईल अशी ओरडेन. त्या वेळी गेलं मौन खड्ड्यात." त्यांना ते पटलं. त्यांनी मनगट सोडलं आणि मान हलवली. त्यांच्याजवळ राहायला काकूंची बहीण आली होती, तिच्या हाती त्यांना सोपवून आम्ही निघालो आणि गल्लीच्या तोंडाशी मी तोंड मिटलं.

पहिल्या दिवशी हाल हाल झाले. रस्त्यात दिसेल त्यावर मला काहीतरी बोलायचं होतं. चहावाल्याला साखर कमी सांगता येईना. मास्तरांनी रस्ता चुकवला तो मला दिसत होता आणि अर्धा मैल मी हातवारे करत होते. पण दुसऱ्या दिवशी काहीतरी बदललं. टोळीतल्या बायका मला वाट द्यायला लागल्या. जेवायच्या पंगतीत माझ्या पानावर आधी वाढायला लागल्या. एका म्हातारीनं मला नमस्कार केला. खरं सांगायचं तर ते मला आवडलं. आयुष्यभर "गप्प बस" ऐकलेली मुलगी मी, आणि आता गप्प बसल्याबद्दल माणसं माझ्या पाया पडत होती.

तिसऱ्या दिवशी आम्ही आंध्राच्या हद्दीत शिरलो. दुपारचे चार वाजले असतील. दोन्ही बाजूंनी चिंचेची झाडं आणि त्यांच्या पलीकडे भाताची शेतं. तोवर सगळ्यांच्या पायांना फोड आले होते आणि टोळीची माळ तुटून मणी पांगावेत तशी माणसं पांगली होती. मास्तर मुक्कामाची जागा बघायला पुढे गेले होते. मागचे दोघे पुरुष ताकाच्या टपरीवर रेंगाळले होते. काकू माझ्या वीसेक पावलं पुढे होत्या, एकट्याच, गात. मी टाचेतला काटा काढायला वाकले होते.

मागून एक मोटरसायकल आली. दोघं होते, दोघांच्या अंगावर पिवळी वस्त्रं, गळ्यात तुळशीच्या माळा. माझ्या बाजूनं गेले आणि काकूंजवळ पोचताच मागे बसलेला मोठ्यानं म्हणाला, "गोविंदा!" काकूंनी नेहमीप्रमाणे दोन्ही हात वर केले आणि त्यांच्याही वरच्या पट्टीत उत्तर दिलं. हात वर गेले तसा पदर सरकला. मागे बसलेल्याची मान वळली.

ती मान वळलेली मी पाहिली. मोटरसायकल पुढच्या मोरीपाशी हळू झाली आणि उलटी फिरली. मला शंका आली असं नाही, मला कळलंच. आता हे येणार, आणि मंगळसूत्र ओढणार. काकूंना कळलं नव्हतं. त्यांना वाटलं काही विचारायला येताहेत, आणि त्या हसून थांबल्या. मोरीपासून काकूंपर्यंत यायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात मला दहा वेळा "काकू" म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

दातखीळ बसते म्हणतात ते काय असतं हे मला त्या दिवशी कळलं. मी वाकलेली होते तशीच राहिले. त्यानं साखळी धरली. ती तुटेना, जुन्या सोन्याची होती. गाडी चालूच होती, काकू तिच्याबरोबर फरफटत गेल्या, मग साखळी तुटली आणि त्या रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर कमरेत आपटल्या. गाडी माझ्या अंगावरून गेल्यासारखी अगदी जवळून गेली आणि मी मान खाली घातली. त्या सगळ्या वेळात मौन, नवस, देव, काका यांतलं काही माझ्या मनात आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघू नये, एवढं एकच आलं. ते मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी दिसेनाशी झाल्यावर माझे पाय हलले. मी धावत काकूंजवळ गेले. त्या कुशीवर पडल्या होत्या, गळ्यावर लाल ओरखडा, चेहरा पांढरा फटक. आता माझ्या तोंडात शब्द आला. मी ओठ उघडले आणि काकूंनी ते पाहिलं. एवढ्या कळा येत असतानाही त्यांनी आपलं बोट उचललं आणि माझ्या ओठांवर ठेवलं.

"नको," त्या म्हणाल्या. "नको ग. तीन दिवस झाले. मोडू नको."

मी तोंड मिटलं. मिटलं, आणि त्या क्षणी मला बरं वाटलं, याची लाज अजून जात नाही. तोवर ताकाच्या टपरीवरची माणसं आणि मागे राहिलेल्या बायका पोचल्या. मला नमस्कार करणाऱ्या त्या म्हातारीनं काकूंना विचारलं, ही मागे होती ना, ओरडली कशी नाही? काकूंनीच सांगितलं, तिचं मौन आहे, माझ्यासाठी धरलंय. बायकांनी माझ्याकडे पाहिलं. दोघीतिघींनी तिथेच रस्त्यावर हात जोडले. मी उभीच राहिले. हात नाही म्हणून हलवता आले असते, तेही हलवले नाहीत.

जवळच्या गावात पोलीस चौकी होती. तिथे एक पोलीसबाई होत्या, चेन्नईकडच्याच असाव्यात, तमिळ बोलत होत्या. गाडीचा नंबर? पाहिला नाही, असं मी कागदावर लिहिलं. कपडे? पिवळे. त्यांनी खिडकीबाहेर हात केला. समोरच्या रस्त्यावरून दुसरी एक टोळी चालली होती, झाडून सगळी पिवळ्या कपड्यांत. "ह्यातला कुठला?" त्यांनी विचारलं. त्यात चिडवणं नव्हतं, थकलेल्या होत्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मला सरळ विचारलं, "तू ओरडली का नाहीस?"

मला हा प्रश्न विचारणारी ती एकच बाई. मी कागद ओढला. खरं लिहायला दोन ओळी पुरल्या असत्या. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "मॅडम, व्रत आहे तिचं." पोलीसबाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ते पटलं नव्हतं, हे मला दिसत होतं. मी मान डोलावली. त्यांनी लिहून घेतलं, आणि पुढे त्या चोरीचं जे होतं तेच झालं, म्हणजे काही नाही.

काकूंच्या कमरेचं हाड मोडलं होतं. त्यांना व्हॅनमध्ये घालून चेन्नईला न्यायचं ठरलं. मीही चढले. काकूंनी मला उतरवलं. "तू पुरं कर. नाही तर पडले ते फुकट." मी रडत खाणाखुणांनी त्यांना सांगत होते की मला येऊ द्या, आणि त्या स्ट्रेचरवरून मला समजावत होत्या. कमरेचं हाड मोडलेल्या बाईला व्हॅनमध्ये सोडून मी, धड पायांची, उरलेलं चालले आणि डोंगर चढले. मोडलेलं ते मोडलं, आता निदान नवस तरी मोडायचा नाही, अशी स्वतःची समजूत घालत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथे तोंड दाबणारीही मीच होते.

दर्शन झाल्यावर बाहेर टोळीनं मला घेरलं. माझा पहिला शब्द त्यांना ऐकायचा होता. मी "गोविंदा" म्हटलं. आवाज खणखणीत आला, थोडासुद्धा बसला नव्हता. लोकांना माझं रडणं भक्तीचं वाटलं.

काकूंच्या कमरेत सळई घातली. तीन महिने त्या वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरत होत्या, आणि पुढे कायमच लंगडल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या गोष्ट सांगत आणि दर वेळी ती थोडी माझ्या बाजूनं झुकत असे. "चोर हिच्यासमोर होता. तरी तोंड उघडलं नाही म्हणून बघा. आमच्यासाठी." काका खुर्चीत बसून ऐकायचे. त्यांना मी पहाटे काय शब्द दिला होता ते त्यांना आठवत होतं का, मला माहीत नाही. ते माझ्याकडे पाहायचे आणि मी चहाचे कप उचलून आत जायची.

सांगून टाकायचं म्हणून मी दोनदा खाली गेले. पहिल्यांदा गेले तर काकू भिंतीला धरून पायांचा व्यायाम करत होत्या आणि घामाघूम झाल्या होत्या. त्यांना तशात काय सांगायचं म्हणून परत वर आले. दुसऱ्यांदा पक्का निश्चय करून गेले, रविवार होता. काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून गाळणीत कॉफीची पूड भरत होत्या. मी तोंड उघडणार एवढ्यात बाहेरून काका म्हणाले, "काफी." मग ते पुन्हा म्हणाले, जरा चिडून, "काफी!"

काकू वॉकर विसरून उठल्या आणि जवळजवळ पडल्याच. मी त्यांना धरलं. त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की चारसहा महिन्यांत एखाददुसरा शब्द यायला लागेल, वाचेचे व्यायाम चालूही होते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली. पण हे मी कुणाला सांगणार? मंगळसूत्र गेलं, पाय गेला, आणि त्याच्या बदल्यात मिळालेला तो एक शब्द आता मी काढून घ्यायचा? मी त्या दिवशी तिथेच बसून कॉफी प्याले आणि पुन्हा कधी सांगायला गेले नाही.

पुढच्या वर्षी पुरट्टासी जवळ आला तेव्हा समोरच्या इमारतीतल्या एक मामी काकूंकडे आल्या. मला खाली बोलावणं आलं. मामींच्या हातात तबक होतं, त्यात नारळ, पानसुपारी आणि माझ्यासाठी ब्लाउजपीस. त्यांचा नवरा आजारी होता, मूत्रपिंडाचं काहीतरी. त्या टोळीबरोबर चालणार होत्या, आणि मी त्यांच्यासाठी मौन धरावं अशी त्यांची इच्छा होती. "तुझं लागू पडतं," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. काकू खुर्चीत बसून हसत होत्या.

मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी मास्तरांचा नियम पाळा, मंगळसूत्र घरी ठेवा. मामींनी पदराखाली हात घातला आणि साखळी बाहेर काढून मला दाखवली. जाड होती, काकूंच्याहून जाड.

"हळकुंड नाही बांधणार," त्या म्हणाल्या. "काकूंनी बांधलं नव्हतं. म्हणून तर त्यांच्या यजमानांचं तोंड उघडलं. आमच्या इमारतीतल्या अजून तिघीही यंदा बांधणार नाहीत."

"मामी, काकूंचं काय झालं ते बघताय ना?"

"बघतेय की. आणि तू मागे असशील ना."

आता तरी सांग, आता सांगितलंच पाहिजे, चार बायकांच्या गळ्यांचा प्रश्न आहे, असं मी मनात घोकत होते. मी तोंड उघडलं. काकू माझ्याकडे बघत होत्या. पोटच्या मुलीकडे बघावं तशा, मान वर करून, मी काय बोलते ते सगळ्यांना ऐकू जावं अशा थाटात. काका पलीकडे पेपर घेऊन बसले होते आणि एकेक अक्षर जुळवत मथळा वाचायचा प्रयत्न करत होते.

"हो मामी," मी म्हटलं. "मी असेन मागे."